शिंगं दिसली की सैतान? शिंगवाल्या देवांची आणि सैतानाची तुलना करायची कशी

दर दोन-तीन महिन्यांनी आमच्या घरच्या ग्रुपवर तोच फोटो फिरून येतो. चांदीचा पत्रा, त्यावर मांडी घालून बसलेला एक माणूस, डोक्यावर हरणासारखी फाटे फुटलेली शिंगं, एका हातात कडं आणि दुसऱ्या हातात साप. मामा म्हणतात हा पशुपती, बघा युरोपात पण आपला शंकर होता. आतेभाऊ कुठल्यातरी व्हिडिओवरून म्हणतो हा सैतान, तिकडचे बडे लोक गुपचूप याचीच पूजा करतात. आणि नेटवरची एक तिसरी पार्टी आहे, ती म्हणते हा सर्नुनोस नावाचा युरोपातला जुना देव, याच्यावरूनच चर्चनं सैतान बनवला. तिघांचाही कॉन्फिडन्स अगदी सारखा.

मी स्वतः बरीच वर्षं तिसऱ्या पार्टीत होतो. एकदा एका वाचनकट्ट्यावर बोलताना हे ठोकून पण दिलं की सर्नुनोसची शिंगं काढून सैतानाला लावली, तर पुढच्या रांगेतल्या एक रिटायर्ड बाई शांतपणे म्हणाल्या, "अहो पण कधी? कुठल्या शतकात?" आणि माझी जी ततपप झाली ती झालीच. घरी येऊन वही काढली, आडवे-उभे खाने पाडले, तेव्हापासून असलं काही समोर आलं की त्याच खान्यांत भरून बघतो. तीच पद्धत इथे सांगतो, फार अवघड नाहीये, फक्त घाई नको.

आधी पाटी झाका

फोटोखाली जे नाव लिहिलंय ते बोटानं झाका आणि विचारा, ही वस्तू सापडली कुठे, कधी, आणि हे नाव तिला कुणी दिलं. बाकी काही नाही केलं तरी एवढं कराच, कारण निम्मी भांडणं इथेच मिटतात.

आमच्या ग्रुपवरचाच फोटो घ्या. ते गुंडेस्ट्रुपचं भांडं. १८९१ साली डेन्मार्कमधे जटलंड भागात पीट खणणाऱ्या लोकांना दलदलीत सापडलं (पीट म्हणजे हजारो वर्षं कुजून दाबलं गेलेलं शेवाळ-गवत, तिकडे जळणाला वापरायचे). जवळपास ९ किलो चांदी, तोंड ६९ सेंटिमीटर रुंद, म्हणजे लग्नघरातल्या मोठ्या पातेल्याएवढं. पत्रे सुटे करून आतच नीट रचून ठेवलेले होते, म्हणजे कुणीतरी मुद्दाम ठेवून गेलेलं. आता कोपनहेगनच्या नॅशनल म्युझियममधे आहे. बहुतेक अभ्यासक ते इसवीसनापूर्वीच्या शेवटच्या एक-दोन शतकांतलं मानतात, आणि घडणावळ डेन्मार्कची वाटतच नाही, बाल्कनकडच्या, थ्रेसच्या चांदीकामासारखी आहे, चित्रांतले विषय मात्र केल्टिक, म्हणजे रोमन लोकांच्या आधीपासून युरोपात पसरलेल्या केल्ट लोकांचे.

आता झूम करून बघा. त्या माणसाच्या अंगात घट्ट विणल्यासारखे कपडे आहेत, कमरेला पट्टा. गळ्यात एक कडं आहे आणि उजव्या हातात तसलंच दुसरं, त्याला टॉर्क म्हणतात, केल्टिक लोकांत मानाचा दागिना. डाव्या मुठीत साप, आणि नीट बघितलं तर त्या सापाला पण शिंगं आहेत, मेंढ्याची, वळलेली. शेजारी एक हरीण उभं, त्याची शिंगं आणि या माणसाची शिंगं सेम टू सेम. आजूबाजूला आणखी जनावरं, आणि एक पोरगं माशावर बसलंय.

आणि नाव? अख्ख्या भांड्यावर कुणाचंही नाव नाही. सर्नुनोस हे नाव आलं पॅरिसमधून. १७११ साली नोत्र-दाम चर्चच्या खाली खणताना एका खांबाचे दगड सापडले, सीन नदीवरच्या नावाड्यांनी रोमन बादशहा टायबेरियसच्या काळात, म्हणजे इसवीसन १४ ते ३७ मधे कधीतरी, उभारलेला खांब. त्यावर ज्युपिटर आहे, व्हल्कन आहे, स्थानिक देव आहेत, आणि एका दगडावर शिंगवाला दाढीवाला चेहरा, दोन्ही शिंगांत एकेक टॉर्क अडकवलेला, वर नाव कोरलंय: सर्नुनोस. पहिलं अक्षर आता झिजून गेलंय पण अठराव्या शतकातल्या नकलांमधे आहे. म्हणजे नाव पॅरिसचं, चित्र डेन्मार्कचं, आणि दोघांची गाठ आपण मारलेली. गाठ चुकीची आहे असं नाही म्हणत मी, बऱ्यापैकी पटण्यासारखी आहे, पण वहीत तिच्यापुढे "अंदाज" असं लिहायचं.

शिंग कुणाचं ते बघा

हे आपल्याला सोपं जायला हवं, पोळ्याला बैलांची शिंगं हिंगुळानं रंगवणारे लोक आपण. पण इंग्रजी पानांवर वाचताना सगळं एकाच "हॉर्न"मधे जातं आणि मग गोंधळ. हरणाची फाट्यांची शिंगं दर वर्षी गळतात आणि नवी येतात, बोकडाची, मेंढ्याची, रेड्याची आयुष्यभर तीच असतात. त्यामुळे सर्नुनोसची शिंगं म्हणजे जंगल आणि पुन्हापुन्हा उगवणं असा अर्थ लावता येतो. ग्रीकांच्या पॅनची शिंगं बोकडाची, म्हणजे धनगरांचा, डोंगरातल्या कळपांचा देव. इजिप्तचा अमुन मेंढ्याच्या शिंगांचा, हाथोर गाईच्या. हे सगळे एका पोत्यात घालून "शिंगवाला देव" म्हणणं म्हणजे गणपती, हनुमान आणि नृसिंह यांना मिळून "प्राणीदेव" म्हणण्यासारखं आहे, चूक नाही पण उपयोग पण शून्य.

शिंगाला तिथे काय भाव होता

आता आपल्या डोक्यात शिंग म्हणजे राक्षस, नाटकातला यम, तसलं काहीतरी येतं. ते काढून ठेवा. मेसोपोटेमियात (आजच्या इराककडे) शिंगांचा मुकुट ही देव ओळखायची खूणच होती. राजा नराम-सिननं आपल्या विजयाच्या शिळेवर, आता ती लूव्रमधे आहे, स्वतःला शिंगांचं शिरस्त्राण घातलेलं दाखवलं, म्हणजे थेट "मी देव आहे" अशी जाहिरात. अलेक्झांडर इसपू ३३१ मधे इजिप्तमधे सिवाच्या अमुनच्या देवळात जाऊन आला आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याचा सरदार लायसिमॅकसनं पाडलेल्या नाण्यांवर त्याच्या कानावरून मेंढ्याचं शिंग वळलेलं दिसतं. आपल्याकडे ऋग्वेदातल्या त्या प्रसिद्ध ऋचेत (४.५८.३) देवाला चार शिंगं, तीन पाय, दोन डोकी आणि सात हात आहेत, आणि ते ऐकून कुणी दचकत नाही.

गंमत पुढे आहे. रोममधे मायकेलअँजेलोनं घडवलेला मोशे (बायबलमधला संदेष्टा, इंग्रजीत मोझेस) आहे, त्याच्या डोक्यावर दोन शिंगं आहेत. मोशे! बायबलमधल्या निर्गमच्या ३४व्या अध्यायात तो डोंगरावरून उतरतो तेव्हा त्याचा चेहरा तेजानं झळकत असतो, तिथला हिब्रू शब्द "शिंग" या शब्दाच्या घरातला आहे, आणि जेरोमनं लॅटिन भाषांतर करताना सरळ "शिंगं असलेला" असं लिहिलं. पुढे शेकडो वर्षं चित्रकारांनी मोशेला शिंगं काढली आणि कुणी त्याला सैतान म्हटलं नाही.

आता सैतानाची फाइल उघडा

लोक इथे सगळ्यात जास्त आळस करतात. देवांबद्दल दहा व्हिडिओ बघतात आणि सैतानाबद्दल "ते माहितीच आहे की" म्हणून सोडून देतात. बायबल मराठीत आहे, फुकट मिळतं, उघडा आणि शिंगं शोधा.

ईयोबाच्या पुस्तकात सैतान देवाच्या दरबारात येतो आणि ईयोबावर संशय घेतो, म्हणजे सरकारी वकिलासारखं त्याचं काम, हिब्रूत शब्दाचा अर्थच विरोधक, आरोप करणारा. शिंगं नाहीत. मत्तयमधे तो येशूला रानात मोहात पाडतो, रूप कसं ते लिहिलेलंच नाही. प्रकटीकरणाच्या १२व्या अध्यायात मात्र सात डोकी आणि दहा शिंगांचा तांबडा अजगर आहे आणि त्याला स्पष्ट सैतान म्हटलंय, पण ती दहा शिंगं दानीएलच्या स्वप्नातल्या श्वापदाकडून आलेली, तिथे शिंग म्हणजे राजा. आणि त्याच प्रकटीकरणात ५व्या अध्यायात कोकरा आहे, म्हणजे ख्रिस्तच, त्याला सात शिंगं! म्हणजे शिंगांवरून पार्टी ठरवायची तर पंचाईत आहे. बोकडासारखे पाय, दोन शिंगं, शेपटी, काटा घेतलेला माणूस, असला प्राणी बायबलमधे कुठेच नाही.

मग बोकड आला कुठून? दोन गोष्टी नोंदवून ठेवा. लेवीयच्या १७व्या अध्यायात केसाळ बोकडरूपी भुतांना बळी देऊ नका अशी ताकीद आहे. आणि मत्तयच्या २५व्या अध्यायात शेवटच्या न्यायाच्या वेळी मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे, डावीकडच्यांना अग्नी. इटलीत राव्हेन्नाला सहाव्या शतकातलं मोझेइक आहे या प्रसंगाचं, मधे ख्रिस्त, मेंढरांच्या बाजूला लाल देवदूत, शेरडांच्या बाजूला निळा. काही अभ्यासक म्हणतात तो निळा देवदूत म्हणजेच सैतानाचं सगळ्यात जुनं चित्र. बघून घ्या एकदा. देखणा तरुण, पंख, डोक्यामागे वलय. शिंग एक पण नाही.

शिंगं नंतर मध्ययुगात येतात, आणि मग जोरात येतात. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला बोहेमियात लिहिलेला तो राक्षसी ग्रंथ आहे ना, कोडेक्स गिगास, ७५ किलोचा, स्टॉकहोमला ठेवलेला, त्यात पानभर सैतान आहे, हिरवं तोंड, लाल शिंगं, लाल नखं. साधारण १३०५च्या सुमाराला जोत्तोनं पाडुआच्या चॅपेलमधे माणसं खाणारा निळसर शिंगवाला सैतान काढला. म्हणजे ख्रिस्तानंतर हजारेक वर्षांनी तो आपल्या ओळखीचा दिसायला लागतो. त्या बाईंच्या "कुठल्या शतकात"चं महत्त्व मला इथे कळलं, कारण मध्ययुगातल्या चित्रकाराला सर्नुनोस माहीत असणार कसा? तो खांब तर तेव्हा चर्चखाली गाडलेला होता.

काम काय आणि वैरी कोण

रूप झालं की हे दोन खाने भरा. माझ्या मते खरी तुलना इथेच आहे, शिंगं फक्त दारावरची वेल आहे.

पॅन घ्या. आर्केडिया नावाच्या डोंगराळ भागातला देव. जुन्या ग्रीक स्तोत्रात गोष्ट आहे की तो जन्मला तो दाढी, शिंगं आणि बोकडाच्या पायांसकट, त्याला बघून दाई पळून गेली, पण बाप हर्मिस खूश, त्यानं पोराला सशाच्या कातड्यात गुंडाळलं आणि थेट ऑलिंपसवर नेऊन सगळ्यांना दाखवलं, सगळे देव हसले, आनंदले. म्हणजे हा कुटुंबातला पोरगा आहे, बंडखोर नाही. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की इसपू ४९० मधे मॅरेथॉनच्या लढाईआधी अथेन्सचा धावपटू स्पार्टाला मदत मागायला निघाला, त्याला डोंगरात पॅन भेटला आणि म्हणाला, अथेन्सवाले माझी आठवण का नाही ठेवत, मी तर त्यांच्या उपयोगी पडतो. एकदम आपल्या ग्रामदेवतेसारखी तक्रार. मग अथेन्सवाल्यांनी अक्रोपोलिसच्या पायथ्याशी त्याचं ठाणं केलं. तो चिडला तर रानात अचानक उगाच भीती भरवतो, "पॅनिक" शब्द तिथलाच. पण तो कुणाचा आत्मा विकत घेत नाही, कुणाला नरकात नेत नाही.

सर्नुनोसचं काम काय ते सांगणारी एकही गोष्ट लिहिलेली उरली नाही. चित्रांवरूनच ओळखायचं: फ्रान्समधे रॅन्सला एक शिल्प आहे, तिथे तो बसलाय, मांडीवरच्या थैलीतून भरभरून काहीतरी ओततोय, खाली हरीण आणि बैल, दोन बाजूंना अपोलो आणि मर्क्युरी. भरभराटीचा देव म्हणायला हरकत नाही, वैरी कुणीच दिसत नाही.

सैतानाचं उलट आहे. वैर हीच त्याची ओळख. एकच देव असेल तरच त्याचा एक विरोधक उभा राहतो. जिथे पन्नास देव आहेत तिथे सैतान बसवायला जागाच नाही.

धागा दाखवा

शेवटचा खाना, आणि सगळ्यात त्रासाचा. दोन गोष्टी सारख्या दिसतात म्हणजे एकीतून दुसरी आली असं होत नाही, मधला धागा हातात दाखवता आला पाहिजे. मी तीन शेरे वापरतो: पुरावा, शक्यता, आणि सशाचं शिंग (म्हणजे नसलेलीच गोष्ट).

पुरावा कशाला आहे? सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी जुन्या सगळ्याच देवांना भुतं म्हटलं, याला. स्तोत्रसंहितेच्या ९६व्या स्तोत्राचं लॅटिन भाषांतरच "परराष्ट्रांचे सगळे देव भुतं आहेत" असं होतं. पण नीट वाचा, सगळे देव. ज्युपिटर पण, व्हीनस पण. जर्मनीतल्या एका जुन्या बाप्तिस्म्याच्या शपथेत सैतानासोबत थुनार आणि वोडन या तिकडच्या जुन्या देवांचाही त्याग करायला लावलाय, त्या दोघांना कुठे शिंगं आहेत? पॅनवर खास नजर पडली ती एका गोष्टीमुळे. ग्रीक लेखक प्लुटार्क लिहितो की टायबेरियसच्या काळात एका जहाजावर किनाऱ्यावरून हाक आली, "महान पॅन मेला असं जाऊन सांग." चौथ्या शतकात युसेबियस या बिशपनं हिशोब लावला, टायबेरियसच्याच काळात येशू होता, म्हणजे त्यानं भुतांचा नायनाट केला याची ही साक्ष. (नावाड्यांचा तो खांब पण टायबेरियसच्याच काळातला. यातून काही सिद्ध होत नाही, पण वहीत शेजारी-शेजारी आलं की अंगावर काटा येतो.)

पॅन आणि सॅटर (ग्रीक गोष्टींतले अर्धे माणूस, अर्धे बोकड असे रानातले जीव) यांच्या चित्रांवरून सैतानाला पाय आणि शिंगं मिळाली, याला मी "शक्यता" लिहितो, चांगली दणदणीत शक्यता, पण बायबलमधली शेरडं पण रांगेत उभी आहेत हे विसरायचं नाही. आणि "चर्चनं सर्नुनोसचा सैतान केला"? सशाचं शिंग. माझंच वाक्य, मीच खोडलं.

ही सगळी एकच जुनी शिंगदेवाची परंपरा आहे आणि चेटकिणी तीच पाळत होत्या, हे खरं तर विसाव्या शतकातलं आहे. मार्गारेट मरे, इजिप्तच्या मोठ्या अभ्यासक, जन्म १८६३ चा आणि तो पण आपल्या कलकत्त्यात, यांनी १९२१ आणि १९३१ साली पुस्तकं लिहून हे मांडलं. इतिहासकारांनी ते साफ नाकारलं, कारण त्यांनी चेटकिणींवरच्या खटल्यांतल्या जबान्यांमधलं सोयीचं उचललं आणि उडण्याबिडण्याचं गाळलं, शिवाय त्यातल्या किती जबान्या छळ करून काढलेल्या. पण पुस्तकं चालली. १९५१ मधे इंग्लंडचा जुना चेटूक कायदा रद्द झाला, १९५४ मधे जेराल्ड गार्डनरनं विक्का या नव्या चेटूक-पंथाबद्दल उघड लिहिलं, त्यात शिंगवाला देव हा देवीचा जोडीदार. आजचे विक्कावाले सैतान मानतच नाहीत, त्यामुळे त्यांना सैतानपूजक म्हणणं चूक, पण त्यांचा देव पाषाणयुगापासून सलग चालत आलाय हे म्हणणं पण तितकंच चूक. देव नवा असला म्हणून श्रद्धा खोटी होते असं मला वाटत नाही, तो वेगळा विषय.

घरचा पेपर सोडवून बघा

पशुपतीचं आधी संपवतो, नाहीतर मामा रागावतील. मोहेंजोदडोची ती ४२० नंबरची मुद्रा १९२८-२९च्या उत्खननातली, पुरातत्त्ववाले जॉन मार्शल यांनी १९३१ मधे तिला शिवाचं आद्य रूप म्हटलं. शिंगं रेड्याची, हरणाची नाहीत, लिपी अजून वाचता आलेली नाही, आणि गुंडेस्ट्रुपच्या भांड्याच्या साधारण दोन हजार वर्षं आधीची. दोघं मांडी घालून बसलेत आणि भोवती जनावरं आहेत, एवढंच सारखं. धागा? सांगायला नकोच.

नावाचं काय होतं ते बघायचं तर युरोपात जायची पण गरज नाही. गोव्यात देवचार म्हणजे गावाच्या शिवेवरचा राखणदार, हातात दंड, खांद्यावर घोंगडी, त्याला रोट द्यायचा, विडी द्यायची, तो रात्रीचा गावाभोवती फिरून राखण करतो. आणि गोव्यातल्याच ख्रिस्ती कोंकणीत देवचार म्हणजे सैतान. शब्द तोच, गाव तोच. शिंगांचा तर संबंधच नाही, त्यामुळे मला हे उदाहरण सगळ्यात स्वच्छ वाटतं. आपल्याकडे महिषासुर देवीच्या पायाखाली आणि म्हसोबा शेताच्या बांधावर शेंदूर लावून बसलेला, धर्म बदलायची पण गरज लागली नाही.

बाफोमेट तुम्ही करा. बोकडाचं डोकं, दोन शिंगांत मशाल, तो फेमस फोटो. हिंट देतो: नाव १३०७ मधे पकडलेल्या टेम्पलर या ख्रिस्ती लढवय्या पंथातल्या सरदारांच्या खटल्यातलं, बहुतेक "महंमद"चा अपभ्रंश. चित्र मात्र १८५०च्या दशकातलं, एलिफास लेवी या फ्रेंच माणसानं काढलेलं. पाटी झाकून बघा काय उरतं.

आणि ते जमलं तर हे. इंग्लंडमधे अ‍ॅबट्स ब्रॉमली गावात दर सप्टेंबरला शिंगांचा नाच होतो. सहा माणसं रेनडिअरच्या शिंगांची एकेक जोडी खांद्यावर घेऊन दिवसभर घरोघर नाचत फिरतात. कार्बन डेटिंगनं शिंगं अकराव्या शतकातली निघाली, तेव्हा इंग्लंडमधे रेनडिअर उरलेच नव्हते, म्हणजे बाहेरून आणलेली. आणि वर्षभर ती शिंगं कुठे टांगलेली असतात माहितीये? गावच्या चर्चमधे. सकाळी पाद्री आशीर्वाद देतो आणि मग नाच सुरू. यांना कुठल्या खान्यात घालाल?